खालून कापायची बातमी

बातमी खालून कापायची, हा डेस्कवरचा पहिला धडा. नवं पोरगं रुजू झालं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याला तो देतं, तेही स्क्रीनवरून नजर न काढता. महत्त्वाचं वर, त्याहून कमी महत्त्वाचं खाली, अशी बातमी रचलेली असते. तेव्हा जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद उडवायचा, तरी मावली नाही तर त्याच्या वरचा. रात्री साडेनऊला जाहिरात विभागातून निरोप येतो की पान पाचवर पाव पान वाढलं. पान लावणारा ऑपरेटर उपसंपादकाकडे बघतो, आणि उपसंपादक बोटानेच दाखवतो, इथून खालचं सगळं काढ. अर्ध्या मिनिटात पान बसतं. त्या अर्ध्या मिनिटात कुणाच्याही मनात पाप नसतं.

तरी तेवढ्यात काय गेलं ते एकदा नीट पाहावं. तालुक्याहून येणारी नेहमीची कॉपी घ्या. सिंचन तलावाचं भूमिपूजन. इंट्रोत, म्हणजे पहिल्या परिच्छेदात, पालकमंत्री काय म्हणाले ते. दुसऱ्या परिच्छेदात तलावामुळे किती हेक्टर भिजणार. तिसऱ्यात आमदार, चौथ्यात जिल्हाधिकारी. पाचवा परिच्छेद ‘यावेळी मंचावर’ असा सुरू होतो आणि त्यात जिल्हा परिषद सदस्यापासून बाजार समितीच्या संचालकांपर्यंत पंधरा-वीस नावं असतात. मग प्रास्ताविक कुणी केलं, संचालन कुणी केलं, आभार कुणी मानले. आणि अगदी तळाला एक वाक्य: बुडीत क्षेत्रातील काही नागरिकांनी मोबदल्याच्या मागणीसाठी घोषणा दिल्या, पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले.

नावांचा परिच्छेद कापता येत नाही. तेवढ्या घरांत उद्या अंक आवर्जून घेतला जाणार असतो. एखादं नाव सुटलं तर सकाळी सातला वार्ताहराच्या फोनवर तेच गृहस्थ असतात. म्हणून तळाचं वाक्य जातं. छापून आलेल्या बातमीत एक अक्षर खोटं नसतं. भूमिपूजन झालं होतं, मंत्री तसंच बोलले होते, आभारही त्याच गृहस्थांनी मानले होते. बुडणाऱ्या गावातला वाचक सकाळी पेपर उघडतो आणि ठरवून टाकतो की हे लोक विकले गेलेत.

‘विकले गेलेत’ हे आम्ही लग्नात ऐकतो, रेल्वेत ऐकतो, घरीही ऐकतो. वरून फोन येतो का, असं लोक विचारतात. येतो. नाकारण्यात अर्थ नाही. पण बहुतेक रात्री कुणाचाही फोन येत नाही आणि अंक तरी एका बाजूला कलतो. फोन आला की निदान माणूस सावध होतो, चडफडतो, एखादं वाक्य वाचवायची पळवाट शोधतो. फोन न येता जे होतं त्याच्याविरुद्ध सावध व्हायला निमित्तच मिळत नाही. मला बोलायचं आहे ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

डेव्हिड मॅनिंग व्हाइट या अमेरिकी अभ्यासकाने फेब्रुवारी 1949 मध्ये एका मध्यम शहरातल्या दैनिकाच्या उपसंपादकाला गाठलं. एजन्सीच्या तारांतून काय घ्यायचं, काय टाकायचं हे ठरवणारा तो माणूस. आठवडाभर त्याने टाकून दिलेला प्रत्येक कागद जपून ठेवायचा आणि का टाकला ते पाठीमागे लिहायचं, असं ठरलं. 1950 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यात या उपसंपादकाला ‘मिस्टर गेट्स’ असं नाव दिलं आहे, दारावर बसलेला म्हणून. आलेल्या मजकुरापैकी नऊ-दशांश त्याने टाकला होता. कारणं वाचताना आपल्याच टेबलावरचा कुणीतरी बोलतोय असं वाटतं: हा प्रचार आहे, हा माणूस फारच लाल आहे, आत्महत्येच्या बातम्या मला आवडत नाहीत. पण सगळ्यांत जास्त वेळा लिहिलेलं कारण होतं, जागा नाही.

‘जागा नाही’ हे कारण खरंच असतं. वाचकाने त्यावर विश्वास ठेवावा. फक्त त्यातून काहीतरी काढावं का लागलं एवढंच कळतं. हेच का काढलं, ते कळत नाही.

शिवाय व्हाइटने मोजलं ते टेबलावर पोहोचलेलं. आमच्याकडे खरी निवड टेबलापर्यंत येण्याआधीच उरकलेली असते, आणि ती करणाऱ्याला आपण निवड केली याची जाणीवही नसते. मराठी दैनिकाचा तालुका वार्ताहर म्हणजे काय चीज आहे, हे शहरातल्या वाचकाला सहसा माहीत नसतं. त्याला पगार नसतो. मानधन असतं, पेट्रोललाही पुरणार नाही इतकं. मिळकत होते ती जाहिरातीच्या कमिशनवर. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, दिवाळी, पेपरचा वर्धापनदिन, आमदारांचा वाढदिवस, प्रत्येक वेळी त्याला टार्गेट असतं. उरलेल्या वेळात तो एखाद्याचं मेडिकल सांभाळतो, किंवा अंकांची एजन्सी त्याचीच असते. पुरवणीच्या जाहिरातीसाठी तो ज्यांच्या दारात जातो त्यांत सरपंच असतो, ठेकेदार असतो, खासगी कॉलेजचा संस्थाचालक असतो आणि कृषी केंद्राचा मालक असतो. गावात बातमी घडते ती बहुतेक याच चौघांच्या आसपास.

अशा एका वार्ताहराला मी फोन केला होता. पाऊस झाला होता, सोयाबीन उगवलं नव्हतं, शेजारच्या पेपरला बोगस बियाण्याची बातमी तीन कॉलम होती.

“भाऊ, आपल्याला का नाही ही बातमी?”

“सर, गावात कृषी केंद्रं तीन. तिघांच्याही जाहिराती आपल्याच पुरवणीत आहेत.”

“मग?”

“मग काही नाही जी. बातमी आज देतो मी. वसुलीले तुम्ही या.”

मी हसलो, दुसरं काय करणार! हा माणूस लबाड नव्हता. तहसील कार्यालयातल्या रेशनच्या घोळावर त्याने स्वतःच्या जिवावर लिहिलेलं होतं. बातमी दाबण्याचा प्रसंगच त्याच्यावर येत नसे, कारण काही बातम्या त्याला दिसायच्याच बंद झाल्या होत्या. त्याने न लिहिलेली बातमी माझ्या टेबलावर येत नाही. मी ती कापत नाही, तिची नोंद कुठल्याही कागदाच्या पाठीमागे होत नाही, आणि रात्री घरी जाताना मी निष्पक्ष असतो.

दुसरा कल तयार मजकुराचा. संध्याकाळी पाचपर्यंत जिल्हा माहिती कार्यालयाची पत्रकं येतात, नीट टाइप केलेली, फोटोसकट, फोटोओळीसकट. पोलिसांची प्रेसनोट येते. बाजार समितीची, विद्यापीठाची, पक्षांची येते. शीर्षक दिलं की पान भरलं. याउलट ज्याच्या शेतात कालव्याचं पाणी घुसलं तो माणूस आठ चाळीसला रस्त्यावरून फोन करतो. आवाज तुटतो. गावाचं नाव दोनदा विचारावं लागतं, त्याच नावाची गावं दोन तालुक्यांत असतात. कागद काही नसतो. त्याचं म्हणणं तपासायला अभियंत्याला फोन लावावा लागतो, आणि अभियंत्याचा फोन बंद असतो. “उद्या बघू,” असं म्हणून आपण ठेवतो. उद्या त्याची बातमी शिळी होते. पत्रकाला मात्र तपासावं लागत नाही, कारण ज्याच्याकडे तपासायचं त्यानेच ते पाठवलेलं असतं. सत्तेकडे झुकायचं असं कुणी न ठरवताही रोज पानं तिकडे झुकतात, ती बरीचशी या सोयीमुळे.

मी नागपूरच्या बाजूचा, म्हणून खैरलांजीबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुढे नेता येत नाही. 29 सप्टेंबर 2006 ला भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातल्या त्या गावात भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांना गावातल्या जमावाने ठार मारलं. भंडारा नागपूरहून दीड तासावर. नागपूर ही उपराजधानी, इथे एकापेक्षा एक मोठ्या दैनिकांची कार्यालयं. तरी ही घटना राज्याची बातमी व्हायला महिनाभर लागला. आधी आल्या त्या लहान बातम्या, आणि त्यातल्या काहींचा सूर ‘अनैतिक संबंधां’चा होता. तो सूर कुणी कार्यालयात बसून लावला नव्हता. गावात विचारलं तर गाव तेच सांगत होतं, ठाण्यात विचारलं तरी तेच ऐकू येत होतं. ‘पोलिस सूत्रांनी सांगितले’ एवढं लिहिलं की डेस्कच्या हिशेबाने बातमीला बूड आलं.

जमिनीचा जुना वाद, आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात त्या आईने दिलेली साक्ष, कुटुंबाची जात, यातली एकही गोष्ट लपलेली नव्हती. सगळी त्याच गावात, त्याच दिवशी हाताशी होती. पण ती विचारायला ज्याच्या दारात जावं लागलं असतं त्या घरात एकटा बाप उरला होता, आणि उलट बोलायला अख्खं गाव होतं. दहा जण एक गोष्ट सांगतात आणि एक जण दुसरी, तेव्हा दहा जणांची गोष्ट इंट्रोत जाते. गर्दीलाच पुरावा धरायची ही सवय बातमीदारीत फार जुनी आहे.

पुढे नोव्हेंबरात विदर्भभर मोर्चे निघाले, दगडफेक झाली, आणि खैरलांजी पहिल्या पानावर आलं ते ‘कायदा व सुव्यवस्थे’च्या प्रश्नाला धरून. 30 नोव्हेंबरला, कानपूरमध्ये बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचं कळल्यावर, उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे पेटवले गेले. ती बातमी देशभर पोहोचायला एक रात्रही लागली नाही. जळता डबा फोटोत दिसतो. चार माणसं मेली त्याच्या मागे काय होतं ते फोटोत दिसत नाही, ते विचारावं लागतं. भंडाऱ्याच्या न्यायालयाने 2008 मध्ये आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी सुनावली, 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती 25 वर्षांच्या कैदेवर आणली. अॅट्रॉसिटी कायदा दोन्ही ठिकाणी लागू धरला गेला नाही. त्याला आमच्या पहिल्या बातम्या कारणीभूत होत्या असा दावा मी करणार नाही. पण पहिला तपास आणि पहिल्या बातम्या त्याच दिवसांत, त्याच माणसांच्या तोंडून घेतलेल्या होत्या, एवढं खरं.

त्यात जिल्हा आवृत्त्यांची भर. पूर्वी विदर्भाला एकच अंक जायचा. आता यवतमाळचं पान यवतमाळला, भंडाऱ्याचं भंडाऱ्याला. वाचकाला गल्लीतली बातमी मिळते, जाहिरातदाराला स्वस्तात जागा मिळते, आणि गोंदियात काय झालं ते वर्ध्याला कळत नाही. एखादी घटना छापून येऊनही न छापल्यासारखीच राहते. संपादकाला विचारलं तर तो तारीख आणि पान क्रमांक दाखवू शकतो.

आणखी एक कल सरकारी रकान्यांचा. शेतकरी आत्महत्येच्या बातमीचं एक ठरलेलं वाक्य आहे: सततची नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून अमुक गावातील तमुक शेतकऱ्याने विषारी औषध प्राशन करून जीवनयात्रा संपवली. नाव आणि गाव बदललं की झालं. हे वाक्य निर्दयपणातून आलेलं नाही, रोज लिहावं लागल्यामुळे घासून गुळगुळीत झालेलं आहे. पण त्यातलं ‘कर्ज’ कुठलं, हे पाहण्यासारखं आहे. सरकारी मदत एक लाख रुपयांची, जानेवारी 2006 च्या शासन निर्णयाने तिचे निकष घालून दिले. कर्ज बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं. परतफेड थकलेली असावी, तगादा असावा. समितीने तपासायचं आणि प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते लिहायचं. नातेवाइकाकडून घेतलेले पैसे, बिनपरवाना सावकाराचे पैसे, कृषी केंद्रातून व्याजावर उचललेलं बियाणं आणि खत, हे कशातच बसत नाही.

आमचा वार्ताहर तलाठ्याकडून आकडा घेतो. तलाठ्याकडे बँकेचं कर्ज असतं, म्हणून बातमीतही बँकेचंच कर्ज येतं. उधारीची वही कृषी केंद्रात असते, आणि कृषी केंद्राची जाहिरात पुरवणीत असते, ते वर आलंच आहे. घरातल्या बाईने जीव दिला तर ती शेतकरी म्हणून मोजलीच जात नाही, सातबारावर तिचं नाव नसतं. सरकारी तक्त्यात ती गृहिणी, आमच्या बातमीत ‘विवाहितेची आत्महत्या’, कारण कौटुंबिक. जन्मभर तिने निंदण केलं, कापूस वेचला. आम्ही वेगळी चौकशी केली नाही, शासनाच्या रकान्यांतच बातमी भरली. कागद पक्का असला की हात आपोआप त्याच रकान्यांकडे जातो.

2006 च्याच सुमाराला पत्रकार पी. साईनाथ यांनी एक हिशेब मांडला होता. मुंबईतल्या फॅशन वीकला 512 पत्रकारांना प्रवेशपत्रं दिलेली होती. मंचावर कापसाचे कपडे होते. कापूस पिकवणारे जिथे मरत होते तिथे विदर्भाबाहेरून आलेले पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. फॅशनच्या बातमीत खोटं काहीच नव्हतं, कपडे खरंच सुती होते. माणसं कुठे पाठवली याचा खर्च लेखाशाखेत नोंदलेला असतो. पेपरचा कल बघायचा असेल तर अग्रलेखाच्या आधी बातमीदारांच्या प्रवासखर्चाची बिलं बघावीत, असं माझं मत तेव्हापासून पक्कं झालं. ही बिलं अलीकडे फार लहान असतात.

हे सगळं आजकालचं, पूर्वीचे लोक निःस्पृह होते, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. 6 जानेवारीला, पत्रकार दिनी, बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घालताना तर हमखास. 1920 हे एकच साल घ्या. 31 जानेवारीला डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदवलं आहे की त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला. टिळक तेव्हा हयात होते. छापण्याच्या हक्कापायी 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा ओढवून घेतलेल्या माणसाचं ते पत्र. ब्रिटिश सरकार काय लपवतं, हे त्या टेबलाला स्वच्छ दिसत होतं. स्वतःच्या टेबलावरून काय परत जातंय ते दिसलं नाही. म्हणजे धैर्य भरपूर असूनही कल राहतोच. त्याच टेबलाचे पहिले संपादक आगरकर सामाजिक सुधारणेच्या वादातून 1887 मध्ये बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. इथे जे मावत नाही त्यासाठी वेगळं पत्रच काढावं लागतं, हे आपल्याकडच्या लोकांनी लवकर ओळखलं होतं.

त्याच 1920 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ या पत्रकारांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या तीन वर्षांच्या अंकांची तपासणी प्रसिद्ध केली. विषय एकच, रशियन क्रांतीच्या बातम्या. बोल्शेविक सत्ता कोसळणार किंवा कोसळलीच, असं त्या पेपरने 91 वेळा सांगितल्याचं त्यांनी मोजून दाखवलं. कारस्थान होतं असं ते म्हणाले नाहीत. बातमीदार आणि संपादक यांना ती कोसळावी असं मनापासून वाटत होतं, आणि वाटण्याजोगं सांगणारी सूत्रं त्यांना भेटत गेली, हा त्यांचा निष्कर्ष. पुढची गंमत अशी की यातले मर्झ नंतर त्याच पेपरात गेले आणि 1938 पासून 1961 पर्यंत त्याच्या अग्रलेखाच्या पानाचे संपादक होते. आपल्याकडे इतकी चिरफाड करणाऱ्याला कुणी गेटच्या आत घेतलं असतं की नाही, मला शंका आहे.

पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांबद्दल फार लिहीत नाही. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा एकच मजकूर, शब्दही न बदलता, वेगवेगळ्या मराठी दैनिकांत कसा आला ते साईनाथ यांनीच दाखवलं. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्यावर अहवाल दिला, 2010 मध्ये कौन्सिलने तो आखडून मांडला. ‘पॅकेज’ हा शब्द तेव्हापासून चहाच्या टपरीवरही कळतो. हा गुन्हा आहे, पण तो पकडता येतो: पावती नसली तरी मजकूर तोच असतो. सभेच्या गर्दीचे आकडेही तसेच. मैदानाची लांबी-रुंदी माहीत असते, दाटीवाटीने बसले तरी एका चौरस मीटरमध्ये चारेक माणसं, एवढा गुणाकार केला तर ‘लाखोंचा जनसागर’ बहुतेक वेळा काही हजारांवर येतो. हा गुणाकार कुणी करत नाही. आयोजकांचा आकडा आणि पोलिसांचा आकडा यांच्यामधला तिसरा आकडा बातमीदार काढतो आणि सगळेच शांत होतात.

मला जास्त त्रास होतो तो ‘दोन्ही बाजूं’चा. एका बाजूने म्हणणं लिहून घेतलं, दुसऱ्याला फोन केला, त्याने उचलला नाही, ‘संपर्क होऊ शकला नाही’ असं लिहिलं, समतोल झाला. फोन किती वाजता केला, किती वेळा केला, ते कुणी विचारत नाही. अधिकाऱ्याला दुपारी फोन जातो, मजुराला रात्री नऊला. मजुराचा फोन घरात एकच, तो मुलाकडे. छापताना दोन्ही वाक्यं सारखीच दिसतात.

मग डेस्कवर बसलेल्या माणसाने करायचं काय? मी कॉपी तळापासून वाचतो. ही माझी जुनी सवय, आणि माझ्या हाताखालच्या पोरांना तिचा वैताग येतो. ‘यावेळी’, ‘दरम्यान’, ‘काही नागरिकांनी’ अशा शब्दांनी सुरू होणारं वाक्य तळाशी सापडलं की मी ते उचलून दुसऱ्या परिच्छेदात ठेवतो, मग खालून खुशाल कापा म्हणतो. आभार मानणाऱ्याचं नाव गेलं तर सकाळचा फोन मी घेतो. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये आलेल्या बातम्यांची यादी वाचून झाली की आज कुठल्या तालुक्यातून काहीच आलं नाही, ते विचारतो. आठ दिवस एखाद्या तालुक्यातून फक्त भूमिपूजनं आणि वाढदिवस येत असतील तर तिथे काही घडत नाही असं नसतं, तिथला वार्ताहर अडचणीत असतो. त्याला जाहिरातीच्या टार्गेटमधून सोडवा, असं व्यवस्थापनाला सांगून पाहिलं. उत्तर काय आलं ते लिहायची गरज नाही.

एका तरुण सहकाऱ्याने मला तोंडावर सांगितलं होतं, “सर, तुम्हाला आंदोलनं आवडतात, म्हणून तुम्ही तळाचं वाक्य वर घेता. हाही बायसच की.” पोरगं हुशार. त्याचं अर्धं बरोबर आहे. मीही निवडतोच, आणि माझ्याही आवडीनिवडी आहेत. रोज हजारभर गोष्टी घडतात नि शंभरेक छापता येतात, तेव्हा निवडल्याशिवाय पेपर निघत नाही. फरक एवढाच की मंत्र्याचं भाषण मी वर घेतलं नाही तरी ते दुसऱ्या दिवशी आणखी चार ठिकाणी मिळतं. ताब्यात घेतलेल्या माणसांचं वाक्य इथून गेलं तर कुठेच मिळत नाही. दोन्ही चुका सारख्या किमतीच्या नाहीत. तटस्थ असल्याचं नाटक मला जमत नाही, पण कोणती चूक कुणाला किती महाग पडेल, एवढा हिशेब रोज रात्री करता येतो, आणि उपसंपादकाचं काम माझ्या मते तेवढंच आहे.

वाचकांना एक विनंती. आम्ही विकले गेलोय असं म्हणून पेपर बंद करू नका, त्याने फक्त खप पडतो. बातमी वाचून झाली की तिच्यात बोललेली माणसं मोजा, आणि ज्याच्याबद्दल ती बातमी आहे तो त्यात बोलला आहे का ते पाहा. नसेल बोलला तर पत्र लिहा, त्यात बातमीची तारीख आणि पान क्रमांक घाला. अशी पत्रं संपादकाला टाळता येत नाहीत, कारण त्यांना उत्तर द्यावं लागतं. तुमच्या गावची बातमी सुटली असेल तर फोन करा. गावाबरोबर तालुक्याचंही नाव सांगा, कागद असेल तर त्याचा फोटो पाठवा, शेजारच्या एकाचा नंबर द्या. आणि आठच्या आत करा. नवानंतर जिल्ह्याची पानं सुटलेली असतात.